अनामिकांचा सोबती : बिल विल्सन

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभा आज जगातील सुमारे १८० देशांत भरतात. त्या ज्यांच्या धडपडीतून उभ्या राहिल्या, ते विल्यम ग्रिफिथ विल्सन या सभांतून अखेरपर्यंत केवळ 'बिल डब्ल्यू.' म्हणूनच वावरले.

२६ नोव्हेंबर १८९५ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, ईस्ट डॉर्सेट या संगमरवराच्या खाणींच्या गावी त्यांचा जन्म झाला. आणि तोही आजीच्या हॉटेलात, मद्यगृहामागच्या खोलीत. नियतीला असले विनोद सुचतात. आई-वडील विभक्त झाल्यावर बिल आजोळी वाढला. मुलगा बुजरा, पण विलक्षण हट्टी. बूमरँग फक्त ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांनाच बनवता येते, असे आजोबा बोलून गेले. झाले! अनेक महिने खपून, अखेर पलंगाच्या फळीतून त्याने ते बनवलेच. पुढे १९१२ मध्ये शाळेतील प्रिय मैत्रीण शस्त्रक्रियेनंतर दगावली आणि तो निराशेच्या गर्तेत गेला. ही गर्ता त्यांना आयुष्यभर पुन्हापुन्हा भेटत राहिली.

१९१७ मध्ये, लष्करी सेवेत असताना, एका मेजवानीत त्यांनी पहिला प्याला घेतला. जन्मजात संकोच क्षणात विरघळला. २४ जानेवारी १९१८ रोजी लोइस बर्नहॅम यांच्याशी विवाह झाला. महायुद्धानंतर वॉल स्ट्रीटवर जम बसला. मोटारसायकलवरून गावोगावच्या कंपन्यांची प्रत्यक्ष पाहणी करून गुंतवणुकीचा सल्ला देण्याची त्यांची पद्धत त्या काळी नवलाची होती. १९२९ च्या पडझडीत पैसा गेला; दारू मात्र राहिली. सासऱ्यांच्या ब्रुकलिनमधील घरात, दुकानात नोकरी करणाऱ्या पत्नीच्या पगारावर दिवस निघू लागले. घरच्या बायबलात लिहून ठेवलेल्या शपथा एकामागून एक मोडत गेल्या.

न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्यांना वेगळी दृष्टी दिली : हा चारित्र्याचा दोष नसून शरीर आणि मन दोन्हींना ग्रासणारा आजार आहे. त्यातच एबी थॅचर हा जुना पिणारा मित्र चक्क शुद्धीत घरी आला. ऑक्सफर्ड ग्रुप या धार्मिक मंडळाच्या आधाराने तो सावरला होता. डिसेंबर १९३४ मध्ये, रुग्णालयातील शेवटच्या मुक्कामात, बिल यांना काही आध्यात्मिक प्रचीती आली. त्यानंतर त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. उत्साहाच्या भरात ते दिसेल त्या मद्यप्याला उपदेश करू लागले. एकही सुधारला नाही. पण त्या काळात बिल स्वतः कोरडे राहिले होते, हे लोइस यांच्या ध्यानात आले.

मे १९३५ मध्ये धंद्यातील एका लढतीसाठी ते ओहायोतील अॅक्रन शहरी गेले. लढत हरली. शनिवारची दुपार, खिशात मोजके डॉलर, परके गाव. हॉटेलच्या दालनाच्या एका टोकाला मद्यगृहातील हास्यविनोद ऐकू येत होता, दुसऱ्या टोकाला दूरध्वनी आणि शहरातील चर्चची यादी. आपल्याला आता उपदेश करायला नव्हे, तर स्वतः तगून राहायला दुसरा मद्यपी हवा आहे, हे त्यांना उमगले. त्यांनी एका धर्मगुरूला फोन लावला. त्यांच्याकडून मिळालेल्या नावांचा माग काढत ते हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचले. या बाईंच्या ओळखीचे एक शल्यविशारद दारूपायी बुडत चालले होते. डॉ. रॉबर्ट स्मिथ त्या दिवशी भेटण्याच्या अवस्थेतच नव्हते. दुसऱ्या दिवशी आले ते पंधरा मिनिटांची अट घालून; बसले मात्र सहा तास. समोरचा माणूस शिकवत नव्हता, आपलेच भोग सांगत होता! मध्ये एकदा डॉक्टर घसरले. पण १० जून १९३५ नंतर कधी प्यायले नाहीत. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा हाच स्थापनादिन.

१९३९ मध्ये संस्थेचे पुस्तक निघाले, त्यात बारा पायऱ्या मांडल्या होत्या. १९४१ मध्ये एका लोकप्रिय साप्ताहिकातील लेखाने वर्षभरात सभासद दोन हजारांवरून आठ हजारांवर गेले. मद्यप्यांच्या कुटुंबीयांसाठी लोइस यांनी १९५१ मध्ये अल-अॅनॉनची उभारणी केली.

बिल यांना संत ठरवण्याचा मोह टाळलेला बरा. नैराश्याने त्यांना वर्षानुवर्षे छळले, विवाहबाह्य संबंधांनी लोइस यांना दुखावले, सिगारेट तर जिवावर बेतेपर्यंत सुटली नाही. मात्र अनामिकतेचे तत्त्व त्यांनी पाळले. येल विद्यापीठाची सन्माननीय पदवी नाकारली आणि १९५५ मध्ये संस्थेची सूत्रे सभासदांकडे सोपवली. २४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या ५३ व्या वाढदिवशी, फुप्फुसांच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

मुंबईत ही चळवळ १९५७ मध्ये आली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'मुक्तांगण'च्या उपचारांतही तिचा वाटा राहिला. जवळची सभा शोधायची तर संस्थेच्या दूरध्वनीवर विचारावे. शाळेची खोली किंवा चर्चचे सभागृह असा साधाच पत्ता मिळतो. खुल्या सभेला घरचे माणूसही जाऊ शकते, बंद सभा फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांची. शुल्क नाही, आडनाव विचारत नाहीत. पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे असेही नाही. मागच्या खुर्चीवर बसून ऐकले तरी चालते.