जॉर्ज शार्फ

सर जॉर्ज शार्फ (१६ डिसेंबर १८२०, लंडन – १९ एप्रिल १८९५, लंडन) हे इंग्रज चित्रकार, कलाभ्यासक आणि लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीचे पहिले संचालक होते. इंग्लंडच्या राजेराण्यांच्या थडग्यांवरील शयनमूर्तींच्या धातूच्या प्रतिकृती या संग्रहालयात त्यांच्या कारकिर्दीत आल्या.

पूर्वायुष्य

शार्फ यांचे वडील बव्हेरियातून लंडनला येऊन स्थायिक झालेले चित्रकार व शिलामुद्रक होते; त्यांचेही नाव जॉर्जच. रॉयल ॲकॅडमीत शिक्षण घेतल्यावर १८४० मध्ये शार्फ चार्ल्स फेलोज यांच्यासमवेत आशिया मायनरला गेले आणि लिसियातील प्राचीन अवशेषांची चित्रे त्यांनी काढली. पुढे ग्रंथांसाठी चित्रे काढणे आणि व्याख्याने देणे यांवर त्यांचा चरितार्थ चालला. १८५७ मध्ये मँचेस्टरच्या भव्य कलाप्रदर्शनाचे काम त्यांनी पाहिले. त्याच वर्षी ते नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीचे सचिव झाले व १८८२ मध्ये संचालक.

शयनमूर्तींच्या प्रतिकृती

खरे मुखसादृश्य दाखवणारे चित्रच संग्रहात असावे, याविषयी शार्फ अत्यंत काटेकोर होते. अडचण होती ती मध्ययुगाची. त्या काळातील राजांची समकालीन चित्रे अगदी मोजकी. बाकीची बहुतेक मागाहून कल्पनेने रंगवलेली. थडग्यांवरील मूर्ती हाच त्यातल्या त्यात भरवशाचा पुरावा होता, पण त्या चर्चमधून हलवणे शक्य नव्हते. म्हणून १८७० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने त्यांच्या इलेक्ट्रोटाइप प्रतिकृती तयार केल्या. मूळ मूर्तीवरून घेतलेल्या साच्याला आतून ग्रॅफाइटचा लेप देऊन तो मोरचुदाच्या द्रावणात ठेवतात. वीजप्रवाह सोडला की तांब्याचा थर साच्यावर हळूहळू बसत जातो. वस्त्राची चुणी, मुकुटावरील नक्षी असे बारकावेही त्यात उतरतात.

वेस्टमिन्स्टर ॲबीतील तिसरा हेन्री, कॅस्टीलची एलिनॉर, तिसरा एडवर्ड, दुसरा रिचर्ड व पहिली एलिझाबेथ, तसेच ग्लॉस्टर येथील दुसरा एडवर्ड यांच्या प्रतिकृती संग्रहात आहेत. मात्र या सर्वांना व्यक्तिचित्रे म्हणणे धाडसाचे ठरेल. विल्यम टोरेल या सुवर्णकाराने हेन्रीची मूर्ती घडवली ती राजाच्या मृत्यूनंतर सुमारे १९ वर्षांनी. तिचा चेहरा आदर्श राजाचा आहे. दुसऱ्या रिचर्डची गोष्ट निराळी. त्याने स्वतःची व दिवंगत राणी ॲनची मूर्ती १३९५ मध्ये, हयात असतानाच करवून घेतली. दोघांनी एकमेकांचा हात हाती घेतला होता. ते हात पुढे नष्ट झाले.

१८७१ मध्ये रिचर्डचे थडगे उघडण्यात आले तेव्हा शार्फ तेथे उपस्थित होते व आतील अस्थींची रेखाटने त्यांनी केली. ३१ ऑगस्ट १८७१ ही तारीख घातलेली सिगारेटची एक डबी २०१० मध्ये त्यांच्या कागदपत्रांत आढळली. तीत थडग्यातील लाकडाचे व कापडाचे तुकडे होते.

अखेरची वर्षे

संग्रहालयाला स्वतःची इमारत नव्हती. आगीच्या भयाने १८८५ मध्ये संग्रह साउथ केन्सिंग्टनहून बेथनल ग्रीनला हलवावा लागला. नवी वास्तू ४ एप्रिल १८९६ रोजी खुली झाली. शार्फ त्याआधी वर्षभर निवर्तले होते, आणि वास्तुकार युअन ख्रिश्चनही.