काम केलं, श्रेय मागितलं नाही : ह्यू डाउडिंग



या वेळी आपण एका परदेशी माणसाची गोष्ट वाचणार आहोत. हा ना संत, ना कीर्तनकार. ब्रिटिश हवाई दलातला मोठा अधिकारी, उभी हयात लष्करात गेलेला. आता तुम्ही म्हणाल, याचं आपल्या गटात काय काम? शेवटपर्यंत वाचा, म्हणजे कळेल. आणि घरातल्या मुलांना जवळ बसवून वाचून दाखवा, त्यांना विमानांची गोष्ट आवडेल.

ह्यू डाउडिंग यांचा जन्म २४ एप्रिल १८८२ चा, स्कॉटलंडमधल्या मॉफट या लहानशा गावातला. वडील शिक्षक, गावात त्यांची स्वतःची शाळा होती. घरात शिस्त होती आणि धार्मिक वातावरणही होतं. मुलाचं पुढचं शिक्षण विंचेस्टरला आणि मग वुलिचच्या लष्करी अकादमीत झालं. १९०० साली तो तोफखान्यात अधिकारी झाला. जिब्राल्टर, सिलोन, हाँगकाँग असं फिरत फिरत १९०४ मध्ये तो आपल्या भारतात आला, डोंगरी तोफखान्यात. तोफेचे भाग सुटे करायचे, खेचरांवर लादायचे आणि चढणीच्या वाटेनं वर न्यायचे, असं ते काम. डाउडिंग यांनी इथे काही वर्षं काढली.

विमान तेव्हा नवीनच निघालेलं. १९१३ च्या डिसेंबरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, डाउडिंग यांनी ब्रुकलँड्सच्या मैदानावर उड्डाणाचा परवाना मिळवला. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं आणि तोफखान्याचा हा माणूस विमानदलात गेला.

स्वभाव कसा? मितभाषी. गप्पाटप्पांत न रमणारा, तोंडावर गोड बोलता न येणारा. सहकाऱ्यांनी त्यांना एक टोपणनावही दिलं होतं, आपल्याकडे आपण 'आखडू' म्हणतो ना, साधारण तसंच. हे नाव त्यांना जन्मभर चिकटलं. पण या आखडू माणसाच्या पोटात काय होतं, ते १९१६ मध्ये दिसलं. फ्रान्समध्ये सोमची भयंकर लढाई चालू होती. रोज वैमानिक मरत होते. उरलेल्यांना दमही खाऊ न देता पुन्हा वर पाठवलं जात होतं. डाउडिंग यांनी वरिष्ठांकडे, म्हणजे ट्रेंचर्ड यांच्याकडे आग्रह धरला, की थकलेल्या तुकडीला विश्रांती द्या. ट्रेंचर्ड यांना हे आवडलं नाही. डाउडिंग यांची इंग्लंडला परत रवानगी झाली आणि त्या महायुद्धात प्रत्यक्ष लढाईतली जबाबदारी पुन्हा त्यांच्याकडे आली नाही. पोरांची बाजू घेतली, त्याची ही किंमत.

१९१८ मध्ये त्यांचं लग्न झालं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, डेरेक. आणि १९२० मध्ये थोड्याशा आजारानं पत्नी क्लॅरिस गेली. पदरात जेमतेम दीड वर्षाचं मूल. पुढे बहीण हिल्डा हिनं त्यांचं घर सांभाळलं. डाउडिंग यांनी तीसेक वर्षं दुसरं लग्न केलं नाही. आधीच अबोल, त्यात आणखी अबोल झाले.

आता एक गोष्ट आम्ही झाकणार नाही. १९३० मध्ये ते हवाई दलाच्या पुरवठा आणि संशोधन खात्याचे प्रमुख झाले. त्याच सुमारास आर-१०१ नावाचं अजस्र हवाई जहाज भारताच्या प्रवासाला निघायचं होतं. पुरेशा चाचण्या झाल्या नव्हत्या, वरून मात्र घाई होती. डाउडिंग या खात्यात नवे होते, त्यांनी तज्ज्ञांवर भरवसा ठेवून परवानगी दिली. ५ ऑक्टोबरला फ्रान्समध्ये ते जहाज कोसळून पेटलं आणि ५४ पैकी ४८ माणसं गेली. आपण तेव्हा अडून बसायला हवं होतं, ही खंत त्यांनी पुढे मोकळेपणानं मान्य केली. चूक सगळ्यांकडून होते हो. पण त्यानंतर ते प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागू लागले, आणि तीच सवय पुढे देशाच्या कामी आली.

कशी, ते बघा. तेव्हा मोठमोठ्या लोकांची समजूत अशी, की शत्रूची बॉम्बफेकी विमानं आली की त्यांना अडवताच येत नाही. म्हणून आपणही बॉम्बफेकी विमानंच वाढवायची. डाउडिंग यांना हे पटत नव्हतं. आधी घर सुरक्षित पाहिजे, मग बाकीचं, असा त्यांचा विचार. १९३५ मध्ये वॉटसन-वॅट या शास्त्रज्ञानं रेडिओलहरींनी दूरचं विमान ओळखता येईल अशी कल्पना मांडली. डाउडिंग यांनी आधी प्रयोग करून दाखवायला सांगितलं. २६ फेब्रुवारीला डॅव्हेंट्रीजवळ प्रयोग झाला, तो साधला, आणि मग मात्र त्यांनी या कामामागे पूर्ण बळ उभं केलं. तेच आपलं रडार.

१४ जुलै १९३६ ला लढाऊ विमानांचा स्वतंत्र विभाग निघाला, फायटर कमांड. डाउडिंग त्याचे पहिले प्रमुख. लंडनजवळ स्टॅनमोरला बेंटली प्रायरी नावाची जुनी वास्तू आहे, तिथे त्यांचं कार्यालय. पुढची चार वर्षं त्यांनी एक यंत्रणा उभी केली. किनाऱ्यावर रडारचे उंच मनोरे. विमानं किनारा ओलांडून आत आली की टेकड्याटेकड्यांवर दुर्बिणी घेऊन बसलेले स्वयंसेवक. सगळ्यांची खबर टेलिफोनच्या तारांनी बेंटली प्रायरीत यायची. तिथे ती पारखली जायची, खरी कोणती, दोनदा आलेली कोणती. मग मोठ्या टेबलावर पसरलेल्या नकाशावर हवाई दलातल्या तरुण मुली लांब काठीनं सोंगट्या सरकवायच्या. वर बसलेल्या अधिकाऱ्याला एका नजरेत कळायचं, शत्रू कुठून येतोय आणि किती विमानं आहेत. तिथून हुकूम सुटायचा. त्यामुळे आपली विमानं उगीच आकाशात घिरट्या घालत बसायची नाहीत. पेट्रोल वाचायचं, आणि मुख्य म्हणजे वैमानिकाची ताकद वाचायची.

१९३७ मध्ये हवाई दलाचं सर्वोच्च पद त्यांना मिळेल असं दिसत होतं. ते दुसऱ्याला मिळालं. नंतर निवृत्तीच्या तारखा कळवल्या गेल्या, पुढे ढकलल्या गेल्या, पुन्हा कळवल्या गेल्या. आपल्यापैकी ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना हा मनस्ताप समजेल. डाउडिंग मात्र रोज कामावर जात राहिले.

मे १९४०. जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. फ्रान्स आणखी विमानं मागत होता आणि पंतप्रधान चर्चिल यांचं मन द्रवलेलं. मित्र संकटात आहे, त्याला नाही कसं म्हणायचं? १५ मेला डाउडिंग स्वतः मंत्रिमंडळापुढे गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सरकारला पत्र लिहिलं. मायभूमीच्या रक्षणाला ५२ तुकड्या लागतात असं आधी ठरलं होतं, हातात ३६ उरल्या आहेत. अशीच विमानं जात राहिली, तर फ्रान्स वाचणार नाही आणि इंग्लंडही कायमचं बुडेल, असा त्या पत्राचा आशय. चर्चिल यांच्यासारख्या माणसापुढे नाही म्हणणं सोपं होतं का? पण काही दिवसांतच आणखी तुकड्या न पाठवण्याचा निर्णय झाला. फ्रान्स पडला. इंग्लंडकडे लढायला विमानं उरली, ती या नकारामुळे.

मग १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४०, इंग्लंडच्या आकाशातली ती लढाई. जर्मनांकडे विमानं कितीतरी जास्त. इकडे सुमारे तीन हजार वैमानिक आणि त्यांचे साथीदार, बरेचसे विशी-बाविशीतले. ब्रिटिश होतेच, शिवाय न्यूझीलंड, कॅनडा, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया अशा कितीतरी ठिकाणांहून आलेले. डाउडिंग यांनी सगळी ताकद एकदम लावली नाही. लहान लहान तुकड्या पाठवल्या, आणि दमलेल्या तुकड्या दक्षिणेतून उत्तरेला हलवून त्यांना विसावा दिला. १९१६ मध्ये जे मागितलं आणि मिळालं नाही, ते २४ वर्षांनी हातात अधिकार आल्यावर त्यांनी स्वतः दिलं. या लढाईत डेरेकसुद्धा लढाऊ विमान चालवत होता. टेबलावरच्या एखाद्या सोंगटीत आपलाही मुलगा आहे, हे माहीत असून बापानं सगळ्यांसाठी सारखाच निर्णय घ्यायचा. विचार करा.

५४४ जण त्या लढाईत गेले. पण इंग्लंडवर उतरण्याचा जर्मनांचा बेत बारगळला.

आणि बक्षीस काय मिळालं? डाउडिंग यांच्या हाताखालचे दोन अधिकारी, कीथ पार्क आणि ली-मॅलरी, यांच्यात वाद पेटला होता. पार्क यांचा भर लहान तुकड्यांवर, ली-मॅलरी यांना एकदम मोठा समूह पाठवायचा होता. डाउडिंग यांनी दोघांना समोर बसवून वेळीच वाद मिटवला नाही, हा दोष त्यांच्याकडे जातो. रात्रीच्या बॉम्बहल्ल्यांवरही तोपर्यंत उपाय सापडला नव्हता. १७ ऑक्टोबरच्या बैठकीत त्यांच्याच पद्धतीवर टीका झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांना पदावरून दूर करण्यात आलं. पुढच्या वर्षी सरकारनं या लढाईवर पुस्तिका काढली, लाखो प्रती खपल्या, आणि तिच्यात डाउडिंग यांचं नावच नव्हतं! खुद्द चर्चिल त्यावर चिडले. १९४२ मध्ये डाउडिंग निवृत्त झाले, १९४३ मध्ये उमराव झाले. हवाई दलातला सर्वोच्च हुद्दा मात्र त्यांना कधीच मिळाला नाही.

दुसरा कोणी असता तर उरलेलं आयुष्य कुढत काढलं असतं. डाउडिंग यांनी तसं केलं नाही. आपल्या हुकमावर गेलेली ती पोरं त्यांच्या मनातून जात नव्हती. मृत्यूनंतर काय, या प्रश्नाच्या मागे ते लागले. थिऑसॉफीकडे वळले, पुनर्जन्म मानू लागले, १९४३ पासून या विषयावर पुस्तकं लिहिली. मृतांशी संवाद होतो असंही ते मानत आणि त्यासाठी त्यांची थट्टा झाली. त्यांचं हे मत आपल्याला पटो न पटो. मुलगा गमावलेल्या आईबापांची पत्रं त्यांच्याकडे येत आणि ते त्यांना धीर देत, हे मात्र खरं.

युद्धात बेपत्ता झालेल्या हवाई दलातल्या एका माणसाची पत्नी म्युरिएल, तिची आणि त्यांची ओळख अशीच झाली. १९५१ मध्ये दोघांनी लग्न केलं. डाउडिंग शाकाहारी झाले. ज्या माणसानं लढाईत हजारो विमानांचा हिशेब ठेवला, तो आता संसदेच्या उमराव सभागृहात उभं राहून मुक्या जनावरांसाठी बोलू लागला. कत्तलखान्यातले हाल, प्रयोगशाळांतले हाल, यावर तो पुन्हा पुन्हा बोलला. १९५९ मध्ये म्युरिएल यांनी 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही संस्था काढली. कातडी आणि सौंदर्यप्रसाधनं यांच्यापायी प्राण्यांचा छळ होऊ नये, हा तिचा हेतू. तिची भारतातली शाखा १९७४ पासून आपल्या पुण्यात आहे! मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाला जनावराच्या आतड्याचा कसा संबंध येतो, हे आपल्याकडे घरोघरी सांगणाऱ्यांत ही मंडळी होती. म्हणजे तो धागा आपल्या पेढ्यांच्या डब्यापर्यंत आला की नाही?

१५ फेब्रुवारी १९७० ला डाउडिंग गेले. त्यांच्या अस्थी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये ठेवल्या आहेत. १९८८ मध्ये हवाई दलाच्या सेंट क्लेमंट डेन्स चर्चबाहेर त्यांचा पुतळा उभा राहिला. गेल्यावर अठरा वर्षांनी.

मंडळी, कर्म करावं आणि फळाची आशा धरू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ऐकायला सोपं आहे. पण सुनेनं दिवसभर राबून कोणी चांगलं म्हटलं नाही, मुलानं कार्यालयात मर मर काम केलं आणि बढती दुसऱ्याला मिळाली, की मग कळतं ते किती अवघड आहे. डाउडिंग यांनाही ते सोपं गेलं नसणार. दुखलं असेलच. पण दुखणं उगाळत न बसता त्यांनी पुढचं काम शोधलं.

या आठवड्यात घरात एवढंच करू या. आपल्या कुटुंबात असं कोण आहे, ज्याचं काम सगळ्यांनी वापरलं आणि नाव कोणी घेतलं नाही? आजी असेल, काका असतील, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी असतील. रात्री जेवताना सगळ्यांसमोर त्यांचं नाव घ्या. पुतळ्याची वाट कशाला बघायची?