डॉ. मेरी वर्गीस : चाकाच्या खुर्चीतून उभे राहिलेले काम

वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. निदान 'अमक्याला वेल्लोरला नेले' हे वाक्य तरी आपण ऐकलेले असते. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेवर सुरू केलेल्या सेवेतून ते रुग्णालय वाढले. डॉ. मेरी वर्गीस याच रुग्णालयात शिकल्या आणि येथेच त्यांनी आयुष्यभर सेवा केली. कंबरेखाली संवेदना गमावलेल्या या स्त्रीने देशातील अपंगांच्या पुनर्वसनाला एक नवी वाट दाखवली.

मेरी यांचा जन्म १९२५ साली केरळमधील कोचीजवळच्या चेराई गावी एका सुखवस्तू सिरियन ख्रिस्ती कुटुंबात झाला. १९४६ साली त्या डॉक्टरी शिकायला वेल्लोरला आल्या. पदवी मिळाल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ होण्याचा त्यांचा विचार होता आणि त्या दिशेने कामही सुरू झाले होते.

३० जानेवारी १९५४ रोजी तरुण डॉक्टरांचा एक गट मोटारीने सहलीला निघाला होता. वाटेत मोटार उलटली. मेरी यांच्या चेहऱ्यावर खोल जखम झाली आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा पोहोचली. कंबरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. त्या काळी आपल्या देशात अशा रुग्णाचे पुढे काय होत असे, हे डॉक्टर असल्यामुळे त्यांना चांगलेच माहीत होते. जखम भरली की रुग्णाला घरी पाठवीत. घरी तो एकाच कुशीवर पडून राही. मग पाठीला आणि कंबरेला जखमा पडत, लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाई, आणि काही महिन्यांत, फार तर एकदोन वर्षांत, सगळे संपे. मज्जारज्जूच्या इजेतून वाचलेला माणूस अशा साध्या, टाळता येण्याजोग्या कारणांनी जात असे.

मेरी यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. खाटेवरचे ते दिवस निराशेचे होते. प्रार्थना हाच त्यांचा आधार होता, पण प्रार्थनेने पायांत बळ आले नाही. त्यांना नवी दिशा दाखवली ती डॉ. पॉल ब्रँड यांनी. ब्रँड हे वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करीत. कुष्ठरोगात हाताच्या नसा निकामी होतात आणि बोटे आखडून पंजासारखी वळतात. चांगला स्नायू शोधून त्याची कंडरा बोटांकडे वळवली की तो हात पुन्हा घास उचलू शकतो, अवजार धरू शकतो. ब्रँड यांच्या लक्षात आले की हाताची शस्त्रक्रिया डॉक्टरला बसून करता येते. मेरी यांचे पाय गेले होते, हात शाबूत होते.

मग मेरी चाकाच्या खुर्चीवरून शस्त्रक्रियागृहात जाऊ लागल्या. ज्या रुग्णांना समाज घराबाहेर काढत होता, त्यांच्या आखडलेल्या बोटांवर त्या काम करीत. आपल्यासारखीच अपंग झालेली एक डॉक्टर आपला हात नीट करते आहे, हे त्या रुग्णांना कसे वाटले असेल? चार उपदेशांनी झाले नसते ते काम त्या खुर्चीने केले असावे, असे मला वाटते.

पुढे त्या ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे गेल्या. मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी तेथे खास विभाग होता. तोवर उठण्याबसण्यासाठी त्या दुसऱ्यांवर अवलंबून होत्या. पर्थला त्या स्वतःचे सर्व स्वतः करायला शिकल्या. या अनुभवातून त्यांना कळले की वेल्लोरला उत्तम शस्त्रक्रिया होते, पण शस्त्रक्रियेनंतरचे शिक्षण देणारे कोणी नाही. मग त्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेल्या आणि या क्षेत्रातले जाणकार डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत त्यांनी पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले. तेथे राहिल्या असत्या तर सोयी, लिफ्ट, रुंद दरवाजे सगळेच मिळाले असते. त्या परत आल्या.

१९६३ साली त्यांनी वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाची सूत्रे हाती घेतली, आणि २६ नोव्हेंबर १९६६ रोजी बागायम येथे रुग्णांना राहून शिकता येईल अशी संस्था सुरू झाली. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून होती. तरीही एवढ्या मोठ्या देशात अशी ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकीच होती. अपंगांच्या हक्कांचा कायदा यायला तर १९९५ साल उजाडावे लागले.

या कामात चमत्कार म्हणावा असे काही नव्हते. दर थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन शरीर उचलायचे, म्हणजे बैठकीखालची कातडी मरत नाही. रोज आरशात पाठ पाहायची. लघवीची नळी स्वच्छ ठेवायची. खाटेवरून खुर्चीत कसे सरकायचे, कॅलिपर आणि कुबड्या कशा वापरायच्या, हे पुन्हा पुन्हा गिरवायचे. घरच्या माणसालाही हे सगळे शिकवायचे, कारण गावी गेल्यावर नर्स नसते. शिवाय परदेशातील पद्धत जशीच्या तशी आणून चालणारे नव्हते. आपल्याकडे जमिनीवर बसतात, उंबरठा असतो, शौचाला उकिडवे बसावे लागते, वाट चिखलाची असते. (आपल्या किती चर्चच्या दाराशी आजही पायऱ्याच आहेत!) आणि गावी परतलेल्या माणसाला चार पैसे मिळवायचे साधन नसेल, तर तो पुन्हा खाटेला खिळतो. म्हणून उपजीविकेचे शिक्षण हाही उपचाराचाच भाग ठरला.

१९७२ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. त्यांच्या शरीराचे दुखणे मात्र कधीच सुटले नाही. रुग्णांना ज्या जखमांपासून जपायला त्या शिकवीत, त्यांचीच धास्ती त्यांनाही रोज होती. डिसेंबर १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. अपघातानंतर त्या जवळजवळ तेहतीस वर्षे जगल्या. १९५४ साली त्या खाटेपाशी उभ्या असलेल्या कोणाही डॉक्टरला ते खरे वाटले नसते.

वेल्लोरच्या त्या संस्थेत पुढे 'रिहॅब मेळा' भरू लागला. पूर्वी उपचार घेऊन घरी गेलेले रुग्ण त्यासाठी गावोगावाहून येतात. तपासणी होते, आणि मग चाकाच्या खुर्च्यांवरून खेळही होतात.