आल्डो लिओपोल्ड

आल्डो लिओपोल्ड (पूर्ण नाव: रँड आल्डो लिओपोल्ड; जन्म: ११ जानेवारी, १८८७, बर्लिंग्टन, आयोवा; मृत्यू: २१ एप्रिल, १९४८, विस्कॉन्सिन) हे अमेरिकन वनाधिकारी, प्राध्यापक व लेखक होते. वन्यजीव व्यवस्थापन या विद्याशाखेचे ते संस्थापक मानले जातात. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'अ सँड काउंटी अल्मनॅक' (१९४९) या निबंधसंग्रहामुळे ते सामान्य वाचकांना मुख्यतः निसर्गचिंतक म्हणून परिचित आहेत. तथापि त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग एका अत्यंत व्यावहारिक प्रश्नात गेला. एखाद्या भूभागावर हरणे किती असावीत, त्यांतील कोणती मारावीत आणि कोणती राखावीत, हा तो प्रश्न होय. स्वतः लिओपोल्ड आयुष्यभर शिकारी राहिले.

बालपण व शिक्षण

त्यांचे वडील कार्ल लिओपोल्ड हे लेखनमेजे बनविणाऱ्या कारखान्याचे चालक होते. आईचे नाव क्लारा. कुटुंब जर्मन वंशाचे होते व घर मिसिसिपी नदीकाठच्या उंचवट्यावर होते. नदीतील बदके हिवाळ्याच्या तोंडावर व वसंतात थव्याथव्याने येत. कार्ल हे निष्णात शिकारी असूनही त्यांनी कायदा होण्याच्या पुष्कळ आधी विणीच्या काळातील म्हणजे वसंतातील शिकार स्वतःहून सोडून दिली होती. मुलावर या संयमाचा ठसा उमटला. न्यू जर्सीतील लॉरेन्सव्हिल शाळेत शिकल्यावर ते येल विद्यापीठात गेले व १९०९ मध्ये तेथील वनविद्यालयातून पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडले.

नैर्ऋत्येतील नोकरी

१९०९ मध्येच ते अमेरिकेच्या वनसेवेत रुजू झाले. पहिली नेमणूक ॲरिझोना प्रदेशातील अपाची राष्ट्रीय वनात झाली व पुढे न्यू मेक्सिकोतील कार्सन वनाचा कार्यभार त्यांच्याकडे आला. १९१२ मध्ये सांता फे येथे एस्टेला बर्गेरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी रानातील दौऱ्यात वादळात सापडून ते मूत्रपिंडाच्या विकाराने मरणाच्या दारी गेले आणि प्रकृती सावरण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. या सक्तीच्या विश्रांतीनंतर त्यांनी शिकारयोग्य प्राण्यांच्या संरक्षणाचे काम हाती घेतले. न्यू मेक्सिकोत गावोगावी शिकाऱ्यांच्या संरक्षण संघटना उभारल्या, 'द पाइन कोन' नावाचे पत्र चालविले. या कामाची दखल माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीही घेतली होती.

या काळातील लिओपोल्ड पुढील लिओपोल्डांपेक्षा फार वेगळे होते, हे नमूद केले पाहिजे. लांडगे व पहाडी सिंह (प्यूमा) समूळ नष्ट केल्यास हरणे वाढतील व शिकाऱ्यांची चंगळ होईल, असे ते जाहीरपणे मांडत असत. लांडगा दिसताच गोळी घालणे हा त्यांच्या पिढीतील वनाधिकाऱ्यांचा नित्यक्रम होता व त्यांनीही तो पाळला.

१९२४ मध्ये त्यांच्याच प्रयत्नांमुळे न्यू मेक्सिकोतील गिला राष्ट्रीय वनाचा विस्तीर्ण भाग रस्तेविरहित अरण्य म्हणून राखून ठेवण्यात आला. राष्ट्रीय वनात असे क्षेत्र घोषित होण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढे जे घडले ते बोधप्रद आहे. लांडगे व पहाडी सिंह मारले गेल्यामुळे या क्षेत्रातील हरणांची संख्या चाऱ्याच्या मानाने बेसुमार वाढली. ती कमी करण्यासाठी शिकाऱ्यांना आत पोहोचता यावे म्हणून १९३० च्या सुमारास अरण्यातून एक रस्ता काढावा लागला. ज्या अरण्यात रस्ता होऊ नये म्हणून लिओपोल्ड झटले, त्याचेच अशा रीतीने दोन तुकडे झाले आणि त्यामागील कारणात त्यांनी पूर्वी पुरस्कारिलेल्या धोरणाचा वाटा होता.

'गेम मॅनेजमेंट'

१९२४ मध्ये लिओपोल्ड विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेत गेले. हे काम त्यांना मानवले नाही. १९२८ मध्ये वनसेवा सोडून त्यांनी बंदुका व काडतुसे बनविणाऱ्या कारखानदारांच्या संस्थेसाठी उत्तर-मध्य राज्यांतील शिकारयोग्य प्राण्यांची पाहणी सुरू केली. तिचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३३ मध्ये 'गेम मॅनेजमेंट' हा ग्रंथ आला व त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना या विषयाचे प्राध्यापकपद दिले. अमेरिकेत अशा प्रकारचे हे पहिलेच पद होते.

ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त असा की, वन्य प्राण्यांची संख्या केवळ शिकारबंदीने वाढत नाही. ती जमिनीच्या स्थितीवर अवलंबून असते. अन्न, पाणी, आडोसा यांपैकी जे सर्वांत कमी पडते ते संख्येला मर्यादा घालते. कुऱ्हाड, नांगर, गाय, आग व बंदूक या पाच साधनांनी माणसाने वन्यजीवन उद्ध्वस्त केले. तीच साधने विचाराने वापरल्यास ते पुन्हा उभे करता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. रान व शेत, झुडूप व गवत जेथे एकमेकांना भिडतात अशा सीमारेषांवर प्राणी अधिक आढळतात, ही गोष्टही त्यांनी शास्त्रीय रूपात मांडली.

शिंगांचा प्रश्न

शिकाऱ्यांच्या दृष्टीने हरणाचे मोल बहुधा त्याच्या शिंगांवरून ठरते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. काळविटाची शिंगे कायमची असतात. परंतु सांबर, चितळ, तसेच अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीचे हरीण यांची शिंगे दरवर्षी गळून पुन्हा उगवतात. ही वाढ अनुवंशाइतकीच वय व आहार यांवर अवलंबून असते. पांढऱ्या शेपटीच्या नराची शिंगे पहिल्या खेपेस लहान असतात व साधारणतः पाचव्या ते सातव्या वर्षी पूर्ण भरतात. उपाशी नराचे शरीर आधी स्वतःची झीज भरून काढते. शिंगांच्या वाट्याला उरलेसुरले येते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत हरणे दुर्मिळ झाल्यामुळे अनेक राज्यांनी केवळ शिंगवाला नर मारण्याची मुभा ठेवली. पेनसिल्व्हेनियाने १९०७ मध्ये व विस्कॉन्सिनने १९१५ मध्ये असा नियम केला. हरणे कमी असताना तो उपयुक्त ठरला. मात्र संख्या वाढल्यावरही तो चालूच राहिला आणि त्याचे फळ उलटे निघाले. माद्या अभय मिळाल्याने वाढत गेल्या, चारा संपत गेला, नर कोवळ्या वयातच मारले जाऊ लागले. परिणामी कळप मोठा, पण त्यातील नर लहान शिंगांचे, अशी स्थिती झाली. लिओपोल्ड यांनी माद्यांच्या शिकारीचा आग्रह धरला त्यामागे कळप व कुरण यांचा मेळ घालण्याचा विचार होता. मोठी शिंगे हे त्यांचे उद्दिष्ट नव्हते, परंतु चांगल्या कुरणातून ती आपोआप मिळत.

जर्मनी व मेक्सिको

१९३५ मध्ये लिओपोल्ड वनशास्त्र व शिकार व्यवस्थापन पाहण्यासाठी सुमारे तीन महिने जर्मनीत होते. निवडक शिकारीची पद्धत तेथे पराकोटीला गेली होती. हेर्मान ग्योरिंग यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये झालेल्या शिकार कायद्यानुसार प्रत्येक क्षेत्रात किती व कोणती हरणे मारावयाची याचा आराखडा ठरे. सदोष शिंगांचे नर आधी मारून उत्तम नर पैदाशीसाठी राखण्यावर भर असे आणि मारलेल्या नरांची शिंगे प्रदर्शनात मांडावी लागत. हिवाळ्यात हरणांना चारा घातला जाई.

या शिस्तीचे लिओपोल्ड यांना कौतुक वाटले, तसेच तिची किंमतही दिसली. लाकडाच्या उत्पन्नासाठी लावलेल्या एकसुरी स्प्रूस वनांत खाली काहीच उगवत नसे. जे उगवे ते हरणे फस्त करीत. झाडांच्या साली सोलल्या जात, रोपे कुंपणाआड ठेवावी लागत. लांडगा व अस्वल तेथून कधीच नाहीसे झाले होते. कृत्रिमतेने पोसलेल्या प्राण्याच्या शिंगांना तेवढे मोल उरत नाही, अशी त्यांची धारणा होती. जर्मनीने ती अधिक पक्की केली. निवडीने शिंगे सुधारण्यापेक्षा रान सुधारणे महत्त्वाचे, हा निष्कर्ष त्यांनी तेथून आणला.

१९३६ व १९३७ मध्ये ते मेक्सिकोच्या चिवावा राज्यातील गाविलान नदीच्या खोऱ्यात धनुष्यबाणाने शिकार करण्यासाठी गेले. तेथे लांडगे व पहाडी सिंह अद्याप टिकून होते. हरणे विपुल होती, तरीही कुरण ओरबाडलेले नव्हते व माती जागच्या जागी होती. सीमेच्या अलीकडे स्वतः नोकरी केलेल्या प्रदेशाशी तुलना केल्यावर हिंस्र प्राण्यांविषयीचे त्यांचे मत पालटले. कायबाब पठारावरील हरणांच्या उपासमारीचा दाखलाही ते या संदर्भात देत. १९०६ मध्ये तेथे शिकारबंदी होऊन हिंस्र प्राणी मोठ्या संख्येने मारले गेले व १९२४ नंतरच्या हिवाळ्यांत हरणे भुकेने मेली. या घटनेतील हरणांच्या संख्येचे जुने अंदाज मात्र फुगविलेले होते, असे ग्रॅम कॉफ्ली यांनी १९७० मध्ये दाखवून दिले.

१९४३ चा वाद

लिओपोल्ड यांच्या विचारांची खरी कसोटी विस्कॉन्सिनमध्येच लागली. राज्याच्या उत्तर भागात तोडलेल्या वनांच्या जागी वाढलेल्या झुडपांवर हरणे फोफावली आणि झुडपे संपल्यावर उपाशी राहू लागली. राज्याने नेमलेल्या नागरिक समितीचे अध्यक्षपद लिओपोल्ड यांच्याकडे होते. समितीने बर्फातील आश्रयस्थानांना भेट दिली तेव्हा भुकेने मेलेली पाडसे जागोजाग पडलेली दिसली. माद्यांच्या शिकारीला विरोध करणाऱ्या काही सदस्यांचे मत त्या दर्शनाने बदलले. लिओपोल्ड त्याच वर्षी राज्य संरक्षण आयोगाचे सदस्यही झाले.

१९४३ च्या हंगामात शिंगवाल्या नरांबरोबरच माद्या व शिंगहीन हरणे मारण्यास परवानगी दिली गेली. सुमारे १ लाख २८ हजार हरणे मारली गेली आणि राज्यात संतापाची लाट उसळली. विरोधकांनी या हंगामाला गुन्हा ठरविले, हरणांच्या बचावासाठी खास वृत्तपत्र काढले व लिओपोल्ड यांच्यावर वैयक्तिक टीका केली. ज्या शिकाऱ्यांमध्ये ते वाढले व ज्यांच्यासाठी त्यांनी लिहिले, त्यांच्यापैकीच अनेक जण आता विरोधात उभे होते. पुढील वर्षांत केवळ नर मारण्याचा नियम परत आला. लिओपोल्ड मृत्यूपर्यंत आयोगावर राहिले, पण याबाबतीत त्यांचे फारसे चालले नाही. १९४७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेतील अतिसंख्य हरणांच्या क्षेत्रांची पाहणी प्रसिद्ध केली. विस्कॉन्सिनमध्ये माद्यांची शिकार पुन्हा खुली झाली ती १९४९ मध्ये, त्यांच्या पश्चात.

याच वादाच्या धुमश्चक्रीत, १९४४ मध्ये, त्यांनी तरुणपणी अपाची वनात आपल्या हातून मारल्या गेलेल्या लांडगीविषयीचा निबंध लिहिला. पर्वताप्रमाणे विचार करणे ही त्यातील कल्पना आज त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे.

शेतघर व मृत्यू

१९३५ मध्ये लिओपोल्ड यांनी बाराबूजवळ विस्कॉन्सिन नदीकाठी सुमारे ८० एकरांचे निकस, रेताड शेत विकत घेतले होते. तेथे उभे होते ते फक्त कोंबड्यांचे खुराडे. कुटुंबाने त्याचेच राहते घर केले व सुट्टीच्या दिवशी हजारो पाइन वृक्ष लावले. पहिली काही वर्षे अवर्षणाने बहुतेक रोपे जळाली, तरी लागवड थांबली नाही. 'अ सँड काउंटी अल्मनॅक'मधील बरेचसे निबंध या जागेविषयी आहेत. अनेक प्रकाशकांनी नाकारलेले हे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने स्वीकारल्याची वार्ता एप्रिल १९४८ मध्ये आली. त्यानंतर आठवडाभराने शेजाऱ्याच्या शेतातील गवताला लागलेली आग विझविताना लिओपोल्ड यांचा हृदयविकाराने मृत्यू झाला. बर्लिंग्टन येथे त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

त्यांच्या पाच अपत्यांपैकी स्टार्कर, लूना व एस्टेला हे तिघे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. स्टार्कर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६३ मध्ये राष्ट्रीय उद्यानांतील वन्यजीव व्यवस्थापनाचा प्रभावी अहवाल दिला.

१९७५ मध्ये टेक्सासमधील अल ब्रदर्स व मर्फी रे यांच्या पुस्तकातून कोवळे नर राखणे, पुरेशा माद्या मारणे व चारा सुधारणे ही पद्धत खाजगी जमीनमालकांमध्ये रुजली. मोठ्या शिंगांची हौस हे तिच्या लोकप्रियतेचे मोठे कारण असले, तरी तिचा पाया लिओपोल्ड यांनी १९४३ मध्ये मांडून हरलेल्या भूमिकेशी मिळताजुळता आहे.

१९९८ मध्ये पिंजऱ्यात वाढविलेले मेक्सिकन लांडगे अपाची राष्ट्रीय वनात पुन्हा सोडण्यात आले.