महाकवी भवभूती

भवभूती हा संस्कृतातील थोर नाटककार इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आरंभी होऊन गेला. त्याचे चरित्र त्या काळी कोणी लिहून ठेवले नाही. आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत त्याने जे थोडेसे सांगितले आहे, त्यावरूनच त्याची ओळख पटते. त्याचे घराणे विदर्भातील पद्मपुर नगरीचे, वेदविद्येत पारंगत व अग्निहोत्री. आजोबांचे नाव भट्टगोपाल, पित्याचे नीलकंठ, मातेचे जतुकर्णी.

कुलाच्या रीतीप्रमाणे त्याने शास्त्राध्ययन केले. परंतु त्याचा स्नेह जडला तो नटांशी. ‘महावीरचरित’, ‘मालतीमाधव’ व ‘उत्तररामचरित’ ही तीन नाटके त्याने रचली. ग्रीस देशातील अथेन्स नगरीत सोफोक्लीज आदी कवींची नाटके डायोनिसस देवाच्या उत्सवात होत. ती वाचून प्राचीन ग्रीकांचे देवधर्म व सुखदुःखे आज आपल्याला कळतात. भवभूतीची नाटकेही कालप्रियनाथाच्या यात्रेत होत, आणि त्यांतूनही त्या काळचा समाज डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘मालतीमाधवा’तील माधव न्यायशास्त्र शिकण्यासाठी विदर्भातून दूरच्या पद्मावती नगरीस जातो. ‘उत्तररामचरिता’त आत्रेयी नावाची तपस्विनी आहे. लव-कुशांच्या तीव्र बुद्धीपुढे आपला निभाव लागत नाही, म्हणून ती वाल्मीकींचा आश्रम सोडते आणि वेदान्त शिकण्यासाठी दंडकारण्यात अगस्त्य ऋषींकडे निघते. प्रसंग कल्पनेतला खरा. पण विद्येसाठी स्त्रीने एवढी वाट तुडवावी, हे कवीला अशक्य वाटले नाही. कोणत्या शिलालेखातून हे आपल्याला कळले असते?

काही समकालीनांनी भवभूतीची अवहेलना केली. तो खचला नाही. आपल्या कृतींचे मर्म जाणणारा आज ना उद्या जन्मास येईल, असा विश्वास त्याने बाळगला. कनोजच्या यशोवर्मा राजाने त्याला आश्रय दिला, असे काश्मीरचा इतिहासकार कल्हण सांगतो.

विसाव्या शतकात विदर्भातील पंडित वासुदेव विष्णु मिराशी यांनी प्रस्तावनांतील त्या पद्मपुराचा शोध घेतला. वाकाटक राजांच्या एका ताम्रपटातही ते नाव आलेले होते. आमगावाजवळचे पदमपूर हे खेडे म्हणजेच भवभूतीचे पद्मपुर, असे त्यांनी प्रतिपादन केले. ते खेडे तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते; १९९९ पासून ते गोंदिया जिल्ह्यात आहे.