चूक यंत्राची की हाताची?

शिकाऊ वैमानिकाला विमान वर नेणे लवकर जमते. ते जमिनीवर अलगद टेकवणे मात्र उशिरा. कधी चाके आपटतात, कधी विमान चेंडूसारखे उसळते. शेजारी बसलेला प्रशिक्षक मग काय चुकले ते सांगतो. विल्बर राइट शिकत होता तेव्हा असा प्रशिक्षक जगात कुठेच नव्हता. आपटल्यावर कपड्यांतली वाळू झटकता झटकता चूक आपली की यंत्राची, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागे. हा निवाडा करण्यात तो फार तरबेज होता. राइट बंधूंच्या यशातला हा भाग मला त्यांच्या इंजिनाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात झाला. वडील धर्मोपदेशक, आई सुझन यंत्रांची हौस असलेली. अठराव्या वर्षी बर्फावर हॉकी खेळताना कुणाची तरी काठी त्याच्या तोंडावर बसली आणि वरचे पुढचे दात गेले. जखम भरली, पण पाठोपाठ छातीत धडधड, पोटाच्या तक्रारी आणि खोल उदासी आली. येल विद्यापीठात जाण्याचा बेत बारगळला. पुढची तीन-चार वर्षे तो घरातच राहिला. आईला क्षय झाला होता. तिची शुश्रूषा करायची आणि वडिलांच्या कपाटातली पुस्तके वाचायची, एवढाच त्याचा दिनक्रम. १८८९ मध्ये आई गेली. त्यानंतर कुठे तो धाकटा भाऊ ऑर्व्हिल याच्याबरोबर आधी छापखान्यात आणि १८९२ पासून डेटन गावातल्या सायकलच्या दुकानात रमला.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये ऑर्व्हिलला विषमज्वर, म्हणजे टायफॉइड झाला. विल्बर आणि बहीण कॅथरीन यांनी कित्येक आठवडे त्याची सेवा केली. त्याच महिन्यात जर्मनीचा ऑटो लिलिएन्थाल ग्लायडरमधून पडून मेला होता. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले, वाऱ्यावर तरंगणारे विमान. या बातमीने विल्बरची उड्डाणाबद्दलची जुनी उत्सुकता पुन्हा जागी झाली. त्याने हिशोब मांडला, तेव्हा त्याला दिसले की पाच वर्षांत लिलिएन्थाल हवेत राहिला तो सगळा मिळून जेमतेम पाच तास. सायकल विकणाऱ्याला हे फार थोडे वाटले. तोल सांभाळणे पुस्तकातून येत नाही, आणि पाच तासांत तर नाहीच. म्हणजे अडचण फक्त पंखांची नव्हती, सरावाची होती. ३० मे १८९९ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणावरचे साहित्य मागवले.

सराव करायचा तर पडणे आलेच, म्हणून जागाच अशी शोधली की पडले तरी जगता यावे. नॉर्थ कॅरोलिनातल्या किटी हॉकच्या किनाऱ्यावर मऊ वाळू होती आणि जोराचा वारा. समोरून वारा असला की ग्लायडर हवेत तरंगते, पण जमिनीच्या हिशोबाने सावकाश सरकते. उंची थोडी, वेग कमी, खाली वाळू. तरीही १९०१ मध्ये एकदा डाव्या पंखाचे टोक जमिनीला लागले आणि पालथा झोपून ग्लायडर हाकणारा विल्बर पुढच्या सुकाणूतून आरपार फेकला गेला. नाक आणि डोळा सुजले.

१९०२ च्या ग्लायडरला मागे उभी, न हलणारी शेपटी होती. बहुतेक वेळा ते छान उडे. पण अधूनमधून एक पंख खाली झुके, तो उचलू पाहावे तर उलट आणखी झुके, आणि ग्लायडर गिरकी घेत वाळूत असे रुते की दोघे भाऊ त्याला विहीर खणणे म्हणू लागले. ऑर्व्हिल तेव्हा नवशिका होता. त्याच्या हाताला दोष देणे सोपे होते. पण अपघात दर वेळी एकाच तऱ्हेने होत होता. नवशिक्याचा हात इतका नेमाने चुकत नाही. खरे कारण असे होते: पंख झुकला की ग्लायडर त्या बाजूला घसरे, घसरताना वारा शेपटीच्या बाजूवर आदळे, आणि शेपटी हलत नसल्यामुळे सगळे यंत्र झुकलेल्या पंखाकडे वळे. एका रात्री कॉफी जास्त झाल्याने ऑर्व्हिलला झोप लागेना. पडल्या पडल्या त्याला हलत्या शेपटीची कल्पना सुचली. सकाळी विल्बरने ती मान्य केली आणि शेपटीची दोरी पंख पिळण्याच्या यंत्रणेलाच जोडावी अशी भर घातली. त्यानंतर थोड्याच दिवसांत शेकडो उड्डाणे झाली. सर्वांत लांब उडी ६२२ फुटांची होती.

१४ डिसेंबर १९०३. आता इंजिन बसवलेले होते. नाणेफेक विल्बरने जिंकली. रुळावरून सुटताच त्याने नाक फार वर उचलले. पंख वाऱ्याला जास्त तिरपा झाला की त्याच्या पाठीवरून वाहणारी हवा सुटते आणि उचल एकदम कमी होते. विमान पंधराएक फुटांवर गेले, थबकले आणि खाली आले. साडेतीन सेकंद, १०५ फूट. पुढचे सुकाणू मोडले. या वेळी निवाडा उलटा होता. यंत्र ठीक आहे, अंदाज माझा चुकला, असे त्याने घरी कळवले. त्यामुळे आराखड्याला कुणी हात लावला नाही, फक्त दुरुस्ती केली. १७ तारखेला ऑर्व्हिल १२ सेकंद उडाला, आणि त्याच दिवशी विल्बर ५९ सेकंद, ८५२ फूट.

तिसरा प्रकार सर्वांत विचित्र. १९०८ मध्ये पालथे झोपण्याऐवजी बसून चालवायचे विमान आले आणि नियंत्रणाचे दांडे बदलले. १४ मे रोजी विल्बरने सुकाणूचा दांडा नेमका उलट्या दिशेला ढकलला आणि वेगात जमिनीवर आदळला. जिवावरचे थोडक्यात निभावले. आपण ठरवलेली हालचाल आणि प्रत्यक्षात झालेली हालचाल यांतला फरक लहान मेंदू टिपतो आणि पुढची हालचाल सुधारतो. हे हजारदा घडले की हात विचार न करता चालतो. दांडे बदलले तरी जुना हातच आधी हलतो. इथे गाडी चालवणारा अमेरिकेत गेला की वळताना दिव्याऐवजी वायपर सुरू करतो, तसेच. यावर उपाय पुन्हा सरावाचाच. ८ ऑगस्टला फ्रान्समध्ये ल मान्सजवळ तो पावणेदोन मिनिटे उडाला, तेव्हा त्याला खोटारडा समजणारे फ्रेंच लोक थक्क झाले.

इतक्यांदा आपटलेला हा माणूस विमानातून पडून मेला नाही. १९१२ च्या मे महिन्यात त्याला ताप आला. भावाला झालेला तोच विषमज्वर. डॉक्टरांच्या हाती तेव्हा शुश्रूषेपलीकडे फारसे काही नव्हते. स्मिथसोनियनला पत्र लिहिल्याला बरोबर तेरा वर्षे झाली, त्या दिवशी, ३० मे रोजी विल्बर गेला. वय ४५. विषमज्वरावर क्लोरॅम्फेनिकॉल हे पहिले खरे औषध १९४८ मध्ये आले. ऑर्व्हिल त्याच वर्षी जानेवारीत वारला, आणि १९०३ चे ते विमान, बरीच वर्षे लंडनमध्ये काढून, डिसेंबरात स्मिथसोनियनमध्ये टांगले गेले.