रमाबाईंचा विलाप

लेंटचे दिवस आले की आपण उपवास धरतो, वधस्तंभाची गीते गातो. पण देवापुढे मोकळेपणी रडण्याचा मात्र आपल्याला संकोच वाटतो. रडणे म्हणजे विश्वास उणा, असे आपण उगीच मानतो. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्याला वेगळे शिकवते.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री, आई लक्ष्मीबाई व थोरली बहीण थोड्याच महिन्यांत निवर्तली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. पदरी वर्षाचीही न झालेली मनोरमा होती. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणून हे दुःख पुसले गेले नाही. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा स्वतः सोसलेली भूक आठवून त्या तिकडे गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले.

पुढे मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करताना विलापगीताचा शब्दन्‌शब्द त्यांच्या लेखणीखालून गेला. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी, लेंटमध्येच, त्या प्रभूकडे गेल्या. १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले.

आपणही या दिवसांत आपले एक दुःख नाव घेऊन प्रभूपुढे मांडू या. आणि तेच दुःख सोसणारे आपल्या शेजारी कोण आहे, हेही त्याला विचारू या.